पाणी पाजतानाची शीळ

हळद शिजायला लागली की आमच्याकडं वास आधी येतो, वाफ नंतर दिसते. शिरड शहापूरच्या अलीकडच्या फाट्यावर एसटीतून उतरायचं आणि गावापर्यंत दोन किलोमीटर चालायचं, नाहीतर ओळखीच्या कोणाच्या तरी गाडीवर मागं बसायचं. परवा कोणी भेटलं नाही. हिंगोलीच्या कॉलेजात ओळीनं चार तास शिकवून आले होते, घसा फाटला होता, खांद्यावरची पिशवी एका बाजूला ओढत होती. वळणावर तो वास आला. ओली माती, आलं आणि चुलीवर विसरलेलं रताळं एकत्र उकडावं तसा. मग विहिरीपलीकडं ट्रॅक्टरच्या मागं जोडून आणलेल्या, हळद शिजवायच्या कुकरच्या टाक्या दिसल्या, पांढरी वाफ सोडणाऱ्या. मी रस्त्याच्या कडेच्या दगडावर बसले.

दमले होते म्हणून बसले, असं सांगता येईल आणि ते खोटं नाही. गेली दोन वर्षं मी दमलेलीच असते. एकोणतिसाव्या वर्षी हे लिहायला लाज वाटते, पण आहे ते आहे. तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या बाईचा आवाज हेच तिचं हत्यार, आणि ते दर दुपारी बोथट होऊन घरी येतं.

पण या वासानं मी दरवर्षी बसते. दोन वर्षांपूर्वीची हळद या वासात अजून शिजते आहे. त्या हंगामात माझी मुलगी, जाई, नऊ महिन्यांची होती, आणि तिनं आवाज करणं सोडून दिलं होतं.

माझं नाव क्रांती. ते अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी ठेवलं. औंढ्यात, देवळाकडं जाणाऱ्या रस्त्याच्या मागच्या गल्लीत त्यांचा लहानसा छापखाना होता. वर्षभर लग्नपत्रिका आणि पावतीपुस्तकं छापायची, आणि उरलेल्या कागदावर पत्रकं काढायची. चहाच्या हॉटेलाबाहेर काही माणसांसाठी खुंटीला वेगळा कप टांगलेला असायचा, त्याच्याविरुद्ध पत्रक. हुंड्याविरुद्ध पत्रक. हातपंप दुरुस्त होत नाही म्हणून पत्रक. मी अक्षरं त्या कागदांवरच शिकले. ‘बंधूंनो आणि भगिनींनो’ हे मला ‘कमळ’ आणि ‘बदक’ यांच्या आधी वाचता यायचं. आमच्या घरात काही बिघडलं की आई म्हणायची, “मंग, काढा आता पत्रक!” आणि अप्पा खरंच कागद ओढायचे.

त्यांची एक पद्धत होती. मजकूर लिहून झाला की छापायच्या आधी ते ज्या माणसांबद्दल आहे त्यांच्यात जाऊन बसायचे आणि मोठ्यानं वाचून दाखवायचे. “ज्याच्यासाठी लिव्हलं त्याला आधी ऐकव,” ते मला सांगायचे. “ऐकताना त्यो कुठं खाली मान घालतो ते बघ. तिथं आपलं चुकलेलं आसतं.” मी त्यांच्या सायकलवर पुढं बसून जायची. मला ते ऐकवणं फार वेळखाऊ वाटायचं. मला आवडायचा तो छापलेला कागद. शाईचा वास असलेला, ठाम, कोणाचंही न ऐकणारा.

पुण्याला शिकायला गेले तेव्हा माझ्या पिशवीत कपड्यांपेक्षा कागद जास्त होते. तिथं आमचा एक अभ्यासवर्ग भरायचा. सगळे माझ्यासारखेच, जग बदलायला निघालेले. एका रविवारी मी बोलायला उभी राहिले. विषय माझाच होता: कोणाची भाषा शुद्ध आणि कोणाची अशुद्ध, हे ठरवतं कोण? मी पेटले होते. पेटल्यावर माणूस जपून बोलत नाही. “काहून ऐकून घ्यायचं आमी?” असं माझ्या तोंडून निघालं, आणि सगळी खोली हसली.

वाईट हसली नाही. तेच तर आहे. प्रेमानं हसली. एक मैत्रीण म्हणाली, “किती गोड! परत म्हण ना.” मग दुसऱ्यानं म्हणून दाखवलं, माझ्यासारखी मान झटकून. मग तिसऱ्यानं. भाषेच्या समतेवरचं माझं भाषण तिथंच संपलं. पुढचे दोन महिने मेसमध्ये, जिन्यात, कुठंही मी दिसले की कोणीतरी माझं ते ‘काहून’ माझ्याच आवाजात मला परत द्यायचं. नक्कल म्हणजे काय, हे मी तिथं शिकले. नक्कल म्हणजे तुमच्या तोंडातून तुमची गोष्ट काढून घेणं आणि चारचौघांत फिरवणं. त्यानंतर मी ती भाषा पेटीच्या तळाशी ठेवली. नेट पास झाले, शुद्ध बोलायला लागले, शुद्ध शिकवायलाही लागले. लग्न मात्र इकडंच केलं, विलासशी. तो हळद लावतो आणि कमी बोलतो.

जाई आमची पावसाळ्यात झाली. तीन महिन्यांची असताना तिनं पहिला आवाज केला तो माझ्याकडं पाहून नाही, तर छताच्या पंख्याकडं पाहून. “आंऽऽ.” माझ्या सासूबाई, ज्यांना आम्ही सगळे आत्या म्हणतो, भाकरी थापत होत्या. त्यांनी वळूनही न बघता उत्तर दिलं, “आंऽऽ? व्हय गं माय? मंग?” जाई थांबली. पंख्यावरची नजर काढून तिनं आवाज आला त्या दिशेला फिरवली. परत “आंऽऽ.” आत्यांचं परत “आंऽऽ,” अगदी तेवढ्याच लांबीचं, शेवटी तसंच नाकात गेलेलं. थापण्याची थप थप चालू, आणि त्या थापेच्या मधल्या जागेत या दोघींचं बोलणं. एकीनं म्हणायचं, थांबायचं, दुसरीनं म्हणायचं. मला आठवतं, मी दारात उभी राहून ऐकत होते आणि मला ते आवडलं होतं. हे मी मुद्दाम लिहून ठेवते. मला ते आवडलं होतं.

पुढच्या दोन-तीन महिन्यांत आवाज वाढले. थुंकीचे बुडबुडे काढत “ब्रर्र.” जीभ टाळूला लावून “टॉक.” आत्या तिच्या समोर बसून तसाच बुडबुडा काढायच्या, आणि ही खदखदून हसायची. आत्यांच्या तोंडातून चोवीस तास काहीतरी सांडत असायचं, “काय म्हन्ती मपली सोन्याची हळद? भूक लागून राह्यली का? आता देते, थांब जरा, माय वं, किती ती घाई!” आणि एक दिवस आठवडी बाजारातून आलेली शेजारची एक बाई जाईला पाहून म्हणाली, “आज्जीवानीच तोंड हलवती बगा ही. बोलाया लागली की आज्जीचीच कॉपी व्हईल.”

तेवढंच म्हणाली. कौतुकानं म्हणाली. माझ्या डोळ्यांपुढं ती पुण्याची खोली उभी राहिली, आणि खोलीच्या मध्यभागी मी नव्हते, जाई होती. सगळे हसत होते. प्रेमानं.

मी तेच केलं जे आमच्या घराण्यात करतात. पत्रक काढलं. जाड पुठ्ठ्यासारख्या कागदावर, लाल स्केचपेननं, पाळण्याच्या वरच्या भिंतीवर. बाळाशी केवळ प्रमाण मराठीत बोलावे. बाळाशी बोबडे बोलू नये. बाळ जे आवाज काढते त्यांची नक्कल करू नये. त्याऐवजी योग्य शब्द स्पष्टपणे उच्चारावा. आणि शेवटी सवयीनं: सर्वांनी सहकार्य करावे.

विलासनं ते दोनदा वाचलं. “मला सोपंय,” तो म्हणाला. “मी तसाबी बोलत न्हाई.”

त्या आठवड्यात अप्पा आले होते. पत्रक दिसलं की त्यांचा हात आपोआप चष्म्याकडं जातो. वाचून झाल्यावर म्हणाले, “खाली प्रकाशकाचं नाव न्हाई. निनावी पत्रक मी छापीत नसतो. तू तर भिंतीला लावलंस.”

“घरातलंच आहे, अप्पा.”

“घरातलं म्हंजी जास्त बघाय पायजे. विहीणबाईंला वाचून दाखिवलंस?”

आत्या ओट्यावर बसून मूग निवडत होत्या. त्यांना लिहिता-वाचता येत नाही. “विलास सांगेल त्यांना,” मी म्हणाले. माझी एसटीची वेळ झाली होती. अप्पांनी आत्यांकडं पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं, आणि चहा बशीत ओतला. ते आणखी काही बोलले असते तर बरं झालं असतं असं मी नंतर कितीदा म्हणाले आहे. पण माझ्यासारख्या मुलीला वाद घालून हरवता येत नाही, हे त्यांना माहीत होतं. त्यांनीच तयार केली होती ती.

मग हळद सुरू झाली. पाला कापून झाला, ट्रॅक्टरनं सऱ्या उकरल्या, बायका ओळीनं बसल्या. मातीतून निघालेला हळदीचा कंद म्हणजे बोटं पसरलेला पंजाच. मधला गड्डा वेगळा करायचा, बोटं मोडून वेगळी टाकायची. कटकट मोडण्याचा आवाज दिवसभर चालतो. शिजवून, पसरून, पंधरा दिवस उन्हात वाळवून, मग ड्रममध्ये घासून तिला तो बाजारातला पिवळेपणा येतो. त्या काळात आमच्याकडं माणसांचे तळहात, कपाळं, भाकरीच्या कडा, सगळं पिवळं असतं. आणि बोलणं फार. हळदीच्या फडावर बायका जितक्या बोलतात तितक्या वर्षात कधी बोलत नाहीत.

आमच्या घरात मात्र काहीतरी बंद पडलं होतं. मला ते ऐकू यायला वेळ लागला, कारण मी दिवसभर दुसऱ्यांच्या मुलांना शिकवून यायची, आणि आल्यावर घसा वाचवत पाळण्यापुढं बसायची. “हा चेंडू. हे फूल. ही वाटी. बोल, वा-टी.” प्रत्येक अक्षर धुऊन, पुसून, जागेवर ठेवल्यासारखं. जाई माझ्या तोंडाकडं पाहायची. लहान मूल कानानं ऐकतं असं आपल्याला वाटतं; ते डोळ्यांनीसुद्धा ऐकतं, ओठांवर नजर रोवून. मग तिची नजर माझ्या ओठांवरून हळूच सुटायची आणि पंख्यावर जायची. “ब्रर्र” गेलं. “टॉक” गेलं. “आंऽऽ” उरलं होतं ते फक्त भुकेचं. एका संध्याकाळी तेही मी दिवसभरात ऐकलं नाही हे लक्षात आलं. ती रडतही कमी होती. शेजारणी म्हणायच्या, “लई गुणाचं लेकरू हाय.”

मी तिच्या मागं जाऊन वाटी आपटली. तिनं वळून पाहिलं. पुन्हा आपटली. पुन्हा वळली. तरी मला झोप लागेना. मूल ऐकत नसेल तर काय, ही भीती एकदा आत शिरली की माणूस दिवसातून चाळीस वेळा टाळ्या वाजवतो.

हिंगोलीला कानाच्या डॉक्टरांकडं गेलो, विलास, मी, आत्या आणि आत्यांच्या मांडीवर जाई. डॉक्टरांनी मागून खुळखुळा वाजवला, डावीकडून, उजवीकडून, मग यंत्र लावून पाहिलं. “कान उत्तम आहेत,” ते म्हणाले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मग त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, “घरी हिच्याशी बोलतं कोण?”

आत्यांनी पदर तोंडाला लावला आणि फरशीकडं पाहिलं. विलासनं भिंतीवरचं कानाचं चित्र पाहायला सुरुवात केली.

“मी बोलते,” मी म्हणाले. “रोज. अगदी स्पष्ट.”

“बरं. आणि ती काही म्हणाली, तर तुम्ही काय म्हणता?”

मला प्रश्नच कळला नाही. “ती काही म्हणत नाही ना, म्हणून तर आलोय.”

“आधी म्हणत होती ना? तेव्हा?” त्यांनी जाईकडं पाहून गाल फुगवले आणि सोडले. “तिचं म्हणणं कोणीतरी तिला परत दिलं पाहिजे. म्हणजे मग ती तुमचं घेते.”

परतीच्या एसटीत विलास खिडकीबाहेर बघत होता आणि आत्या पदर तोंडाशी धरून बसल्या होत्या. मला वाटलं दमलोय सगळे.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. मी शेतात बायकांबरोबर हळद मोडायला बसले. दहाच्या सुमाराला आत्या जाईला कमरेवर घेऊन बैलांना पाण्यावर नेत होत्या. आमच्याकडं एक जोडी अजून आहे, ढवळ्या आणि मोऱ्या. बैल हौदापाशी नेला की त्याच्यासाठी शीळ घालतात. हळू, लांब, एका सुरात. शीळ चालू असेपर्यंत बैल निवांत पितो, थांबली की मान वर करतो. बाईमाणसानं शीळ घालू नये असं गावात म्हणतात, पण सासरे गेल्यापासून आत्याच घालतात. त्यांना कोणी काही म्हणायला धजावत नाही, कारण बैल त्यांच्याच शिळेवर पितात.

मी घागर घेऊन हौदाकडं निघाले होते. विहिरीच्या कठड्यामागून शीळ ऐकू आली. आणि तिच्या मागोमाग दुसरी. शीळ नव्हतीच ती. नुसती हवा. “फूऽऽ.”

मी कठड्याला धरून उभी राहिले. आत्यांच्या कमरेवर जाई. तिची नजर आत्यांच्या ओठांवर खिळलेली. तिनं ओठांचा चंबू केला होता, गाल आत गेले होते, कपाळाला आठ्या पडल्या होत्या, आणि सगळं अंग लावून ती फुंकत होती. “फूऽऽ.” आत्यांनी शीळ थांबवली. ढवळ्यानं मान वर केली, तोंडातून पाणी गळत होतं. आत्यांनी मग शीळ घातली नाही. जाईनं काढला होता तसाच, तेवढाच, सूर नसलेला, नुसत्या हवेचा आवाज काढला. “फूऽऽ.” जाईचे पाय उडायला लागले. तिनं परत केलं. आत्यांनी परत केलं. किती वेळा झालं ते मी मोजलं नाही. दोन महिन्यांनी माझी मुलगी काहीतरी म्हणत होती, आणि कोणीतरी ते ऐकल्याचं तिला कळवत होतं.

माझ्या हातातली घागर कठड्याला लागली. आत्या दचकल्या, आणि पदर तोंडावर गेला.

“न्हाई बोलले मी,” त्या घाईघाईनं म्हणाल्या. “एक अक्षर बोलले न्हाई, आई शप्पत. ढवळ्याला शीळ घालून राह्यले व्हते.”

मी घागर खाली ठेवली.

“आत्या, बोलू नका असं तुम्हाला कोणी सांगितलं?”

“कागदावर लिव्हलंय न्हवं तू. विलास बोल्ला, आई, तुपल्या बोलण्यानं लेकराची जबान बिघडंल, मंग शहरात लोक हासतेत. तू आपली गप ऱ्हाय.” त्यांनी पदर खाली घेतला. “म्या म्हन्लं बराबर हाय. शिकलेली हाय, तिला कळतंय. पर लई जड गेलं गं. लेकरू आं म्हनायचं, मपल्या तोंडाशी यायचं, मी पदर कोंबायची. वाटलं, दिष्ट लागती तसं मपलं बोलनं लागत आसंल लेकराला.”

विलासवर मी ओरडले, तिथंच, बायकांसमोर. तो हातातलं काम ठेवून म्हणाला, “तुला तेच म्हनायचं व्हतं असं वाटलं मला. तिला दुसरी भाषा कुठून येनार, तूच सांग? शुद्ध बोल म्हन्लं काय आन् गप ऱ्हाय म्हन्लं काय.”

त्यानं माझ्या पत्रकाचा अर्थ चुकवला नव्हता. माझ्यापेक्षा नीट वाचला होता.

दुपारी मी भिंतीवरून कागद काढला आणि हौदाच्या कडेला आत्यांशेजारी बसून तो त्यांना वाचून दाखवला. अप्पा वाचायचे तसा, मोठ्यानं, मधे न थांबता. पहिल्या ओळीला त्यांनी मान खाली घातली आणि पायाच्या अंगठ्यानं माती उकरली. बोबडं बोलू नये, याला हं म्हणाल्या. नक्कल करू नये, याला मात्र त्या हसल्या. खरंच हसल्या, दोन महिन्यांत पहिल्यांदा.

“हे काय लिव्हलं गं पोरी? लेकरानं आवाज केला आन् आपुन तसाच न्हाई दिला, तर पोचला का न्हाई ते त्याला कसं कळावं? हिरीत खडा टाकला तर हीरसुद्धा डुबुक म्हन्ती.”

“शहरात लोक नक्कल करून हसतात, आत्या.”

“हासतेत मंग हासू दे. ते येगळं, हे येगळं.” मग म्हणाल्या, “तुला हासले व्हते का कोनी?”

या घरात आल्यापासून मला हे कोणी विचारलं नव्हतं. मी सांगितलं. सगळं. खोली, जिना, मेस. आत्यांनी ऐकून घेतलं आणि शिवी दिली, जी मी इथं लिहिणार नाही, पण ती फार शुद्ध होती.

कागदाचं काय करू विचारलं तर म्हणाल्या, “ऱ्हाऊ दे. चांगला जाड हाय. बेण्याच्या टोपल्यात खाली घालायला व्हईल.”

मी नंतर त्या सगळ्याचा हिशेब मांडायचा प्रयत्न केला आणि प्रत्येक वेळी एकाच ठिकाणी येऊन थांबले. अप्पांनी आयुष्यभर त्या खुंटीवरच्या वेगळ्या कपाविरुद्ध कागद छापले. मी ते कागद वाटले, घोषणा दिल्या, माझा आवाज त्या घोषणांनी घडला. आणि माझ्या स्वतःच्या घरात, पाळण्याच्या वर, मी एका बाईच्या तोंडासाठी वेगळी खुंटी ठोकली. तिच्या तोंडचं माझ्या मुलीला लागू नये म्हणून. लाल अक्षरात. सहकार्याची विनंती करून. आणि ती बाई इतकी भली की तिनं सहकार्य केलं.

हा थकवा तेव्हापासूनचा आहे. जगाशी भांडून माणूस दमतो, पण झोपल्यावर तो शीण जातो. हा जात नाही.

त्या हळदीच्या उरलेल्या दिवसांत आत्या दोन महिन्यांचं साचलेलं बोलल्या. फडावर, हौदावर, चुलीपाशी. जाईला सगळं सांगितलं, कुकरवाल्याचा कंजूषपणा, मोऱ्याचं पोट, त्यांची स्वतःची आई कशी गोरी होती तरुणपणी. “फूऽऽ” नंतर “बूऽ” आलं, मग “ब्बा,” मग एका दुपारी वाळत घातलेल्या हळदीच्या ताडपत्रीवर बसून जाईनं “माय” म्हटलं. माझ्याकडं पाहून नाही. आत्यांच्या तोंडी दर वाक्याला असलेला तो शब्द होता, “माय वं!” मधला. मी जवळ गेले, तिच्यासमोर पालथी पडले, आणि माझ्या सगळ्या शिक्षणाला बाजूला सारून म्हणाले, “माय?” तिनं माझ्या ओठांवर पिवळा हात ठेवला. जणू तपासत होती, की हा आवाज इथूनसुद्धा निघतो का.

आता ती पावणेतीन वर्षांची आहे आणि थांबत नाही. जूनपासून तिला बालवाडीत घालायचं म्हणून गेल्या शनिवारी तिला हिंगोलीला नेलं. एका खोलीत सात-आठ मुलं, त्यांचे आईबाप भिंतीला टेकून. बाई चांगल्या होत्या. बैलाचं चित्र दाखवून त्यांनी विचारलं, “हा काय करतोय सांग बरं?”

जाई म्हणाली, “पानी पिऊन राह्यला.” आणि ओठांचा चंबू करून हवा सोडली. “फूऽऽ.”

खोली हसली. माझ्या शेजारची एक आई म्हणाली, “किती गोड! परत म्हण ना, बाळा.”

तेच शब्द. दहा वर्षांनी, शंभर कोसांवर, अगदी तेच. माझ्या जिभेवर दुरुस्त वाक्य तयार होतं. पाणी पितो आहे. नुसतं सोडायचं होतं. जाईनं वळून माझ्याकडं पाहिलं. डोळ्यांकडं नाही, तोंडाकडं.

“व्हय,” मी म्हणाले. घसा बसलेला होता, आवाज फाटका आला. “पानी पिऊन राह्यला.”

कोणी हसलं की नाही, मला माहीत नाही. जाईनं समाधानानं मान हलवली, पोचलं म्हणून, आणि बाईंना दुसरं चित्र मागितलं. ही काही जिंकल्याची गोष्ट नाही. तिला हसणारे पुढं भेटतीलच, प्रेमानं हसणारे तर पुष्कळ, आणि त्या प्रत्येक खोलीत मी भिंतीला टेकून उभी नसेन. यावर काढता येईल असं पत्रक मला सुचलेलं नाही. अप्पांना विचारलं. त्यांचा छापखाना आता बंद आहे. ते म्हणाले, “न्हाई सुचत तर नको काढू.”

परवा त्या दगडावरून उठून मी घरी न जाता तशीच शेतात गेले. आत्या हौदापाशी बैल घेऊन उभ्या होत्या, जाई त्यांचा पदर धरून. या थंडीत त्यांचे पुढचे दोन दात गेले, आणि दातांबरोबर शीळही. नुसती हवा येते. ढवळ्या हौदावर मान धरून उभा, पीत नव्हता.

“तू घाल गं,” आत्या म्हणाल्या, दात नसलेल्या फटीतून.

“मला येत नाही, आत्या.”

“हिला इच्चार मंग.”

जाई हौदाच्या कठड्यावर चढली. पिवळ्या हातांनी तिनं माझी हनुवटी धरली आणि माझं तोंड स्वतःकडं फिरवलं. “आई, आसं,” ती म्हणाली. चंबू केला. फुंकलं. मग थांबली आणि माझ्या ओठांकडं पाहत राहिली, आता माझी पाळी होती म्हणून.

मी पिशवी खाली ठेवली. ओठांचा चंबू केला. दिवसभर बोलून कोरडे पडलेले ते ओठ, त्यांतून शीळ निघाली नाही, हवाच निघाली. जाईनं ती तशीच मला परत दिली. मी पुन्हा फुंकलं. ढवळ्यानं कान हलवले, एकदा आमच्या तिघींकडं पाहिलं, आणि मान खाली घालून प्यायला लागला.